बाराचा भोंगा

आबा रेकॉर्डिंगला यायचे ते कडक इस्त्रीच्या कपड्यांत. खरं तर आमच्या स्टुडिओत वाजवणाऱ्याकडे कोणी बघत नसे. मिलिंद काचेपलीकडे बसायचा आणि त्याचे डोळे पडद्यावरच्या हिरव्या रेघांवर असायचे. रफिक बनियनवर ढोलकी घेऊन बसायचा. मी शाळा सुटल्यावर खडूच्या हातांनी तशीच यायचे. आबा मात्र पांढरा शर्ट, पट्टा, पॉलिश केलेले बूट. बूट दाराबाहेर काढताना दोन्ही टाचा एका रेषेत यायला हव्यात, नाहीतर परत वाकून नीट लावायचे.

"आबा, कोण बघतंय इथं?" असं रफिक एकदा म्हणाला.

"सूर बघतोय की," आबा म्हणाले आणि क्लॅरिनेटची पट्टी तोंडात धरून गप्प बसले. ती पट्टी भिजवल्याशिवाय वाजत नाही. त्यामुळे वाजवण्याआधीचा बराच वेळ आबांशी बोलताच यायचं नाही. मान हलवून काय ते उत्तर.

स्टुडिओ म्हणजे माधवनगरमधली मिलिंदच्या वडिलांची यंत्रमागाची शेड. माग विकले गेले तेव्हा रिकाम्या शेडचं काय करायचं, यावर घरात बराच काळ वाद चालला होता. मिलिंदनं भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, मध्ये काच बसवली आणि वाद मिटवला. ओळीतली चौथी शेड म्हणून आमच्या चौघांच्या गटाचं नाव 'चौथी शेड' पडलं. मिलिंद गिटार आणि रेकॉर्डिंग, मी कीबोर्ड, रफिक ढोलकी आणि हाताला लागेल ते, आणि आबा. गायक कोणीच नाही. गायचं असेल त्यानं बाहेरून यावं. देवीची गाणी, प्रचाराची गाणी, शाळांच्या गॅदरिंगचे नाच. सांगली-साताऱ्याकडच्या कितीतरी शाळांतली मुलं आमच्या वाजवण्यावर नाचून मोठी झाली, आणि आमची नावं त्यांना कधी कळली नाहीत.

आबा म्हणजे निवृत्त हवालदार सर्जेराव. मूळ गाव औंधच्या बाजूला, माळरानात. सगळी नोकरी पलटणीच्या बँडमध्ये झाली. निवृत्तीनंतर ते इस्लामपूरजवळ, बायकोच्या गावी येऊन राहिले, कारण तिथं उसाला पाणी होतं आणि काकूंच्या वाटणीचं थोडं रान होतं. आल्या आल्या एक हंगाम लग्नाच्या बँडमध्ये काढला आणि सोडून दिला. का सोडला विचारल्यावर म्हणाले, "नवरदेवाच्या घोड्याफुडं नाचणाऱ्यांच्या तालावर वाजवायचं. पलटनीत निदान समदी आमच्या तालावर चालायची."

त्यांचा एक हट्ट होता. दुपार टळल्याशिवाय ते सांगलीला यायचे नाहीत. सकाळचं रेकॉर्डिंग असेल तर आबा वजा. मिलिंदनं बरेचदा विनवलं, एकदा गाडीही पाठवली. गाडी तशीच परत आली. रानाचं काम असेल असं आम्ही धरून चाललो.

एका दुपारी साताऱ्याचा एक गायक यायचा होता आणि आला नाही. घसा बसल्याचा निरोप आला. सगळं मांडून तयार होतं. मिलिंद म्हणाला, "आबा, आज तुम्हाला हवं ते वाजवा."

आबांनी पट्टी तोंडातून काढली. "म्हंजे? काय वाजवायचं?"

"तुम्ही सांगाल ते."

"मी कसं सांगू? हुकूम काय हाय?"

"हुकूम नाही आबा. आज हुकूमच नाही."

ते खरोखर गोंधळले. आयुष्यभर कोणीतरी हात वर करायचं आणि हे वाजवायचे. परेडला हात, मढ्याला हात, साहेबांच्या मेजवानीला हात. मिलिंदनं मला खुणेनं गप्प राहायला सांगितलं. मग आबांनी डोळे मिटले आणि एकच सूर धरला, अगदी खालचा. मला वाटलं वाद्य तपासतायत. पण सूर संपेना. तो हळूहळू वर चढला, तिथं थांबला, आणि तसाच हळू खाली आला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्या सुराच्या शेवटी एक लहानशी चाल आली. कामावरून आलेलं माणूस दारात पायांवर पाणी घेताना पुटपुटतं, तशी. रफिकनं ढोलकीवर नुसती बोटं टेकवली. मी एकच स्वर दाबून धरला आणि सोडायला विसरले.

वाजवून झाल्यावर मिलिंदनं विचारलं, "हे काय होतं?"

"भोंगा," आबा म्हणाले. "साखर कारखान्याचा. बाराचा."

नाव काय द्यायचं यावर थोडी चर्चा झाली. मिलिंदला 'बारा वाजले' सुचलं होतं. रफिक म्हणाला, असलं नाव दिलंस तर आपलेच वाजतील. मग 'बाराचा भोंगा' ठरलं आणि मिलिंदनं ते इंटरनेटवर टाकून दिलं.

आपल्याकडे ते आधी बेंजोवाल्यांनी उचललं. गणपतीत मिरवणूक निघताना सुरुवातीला तो लांब सूर, मग दणका. कऱ्हाडपासून तासगावपर्यंत जो तो तसंच करायला लागला. काही लग्नाच्या बँडांनीही घेतलं. इस्लामपूरच्या बाजारात आबांनी स्वतः एक बेंजो पार्टी ऐकली. रफिकनं विचारलं, कसं होतं? आबा म्हणाले, "पोरगं घाईचं हाय. कारखान्याचा भोंगा कवा घाई करतो व्हय? दम ऱ्हायला पायजे. गाणं काय पळून चाललंय?"

त्या उन्हाळ्यात आबांनी आम्हाला जेवायला बोलावलं. मिलिंद आणि रफिक स्टुडिओत अडकले, म्हणून मी एकटीच गेले. घर लहान, वर स्लॅब, कडेनं पायऱ्या. काकू चुलीपाशी भाकरी थापत होत्या. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली होती. पण परात कुठं, तवा कुठं, सगळं हाताला पाठ. जेवता जेवता आबा एकदम उठले. "आलोच," म्हणाले, हात धुतले आणि खुंटीवरची पिशवी घेऊन बाहेर पडले. पायऱ्यांवर पावलं वाजली. मग वरून तो सूर आला. लांब, खालून वर, वरून खाली.

काकूंनी हात पुसले. "भोंगा झाला," त्या म्हणाल्या. "गोळ्या घ्यायच्या हायत मला. तेवढा डबा द्या बाई."

मी डबा दिला. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "कारखान्यानं भोंगा बंद केला त्याला लय दिस झालं. मला त्याच्यावरच दिस कळायचा. डोळं गेल्यावं दुसरं काय हुतं? चार दिस मी नुसती इचारायची, झाला का भोंगा, झाला का भोंगा. मग एक दिस झाला. हे खाली येऊन म्हनले, कारखान्यानं परत सुरू केला बग."

"मग?"

"मग काय? कारखान्याच्या भोंग्याला धाप लागती व्हय बाई? ह्यांस्नी लागती." त्या हसल्या. "सगळ्या आळीला म्हाईत हाय. ह्यांस्नीच तेवढं वाटतंय, मला म्हाईत न्हाई. तुमी काय सांगू नगासा."

आबा खाली आले. कपाळावर घाम होता. पाटावर बसत म्हणाले, "गाय सुटली व्हती." काकू म्हणाल्या, "बांदली का?" ते म्हणाले, "बांदली." मी ताटाकडे बघत राहिले.

जेवणानंतर काकूंनी मला त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगितली. मुहूर्त दुपारचा होता. अक्षता टाकायला आणि बाराचा भोंगा व्हायला एकच गाठ पडली. भटजींचं काही कुणाला ऐकू आलं नाही. औंधकडच्या वऱ्हाडाला असला आवाज ठाऊक नव्हता, त्यांना वाटलं काय झालं आता. नवरदेवानं मुंडावळ्या सरकवून वर बघितलं म्हणे. "तवाच मला कळलं," काकू म्हणाल्या, "ह्या मानसाला आवाजाचं येड हाय."

पुढच्या वर्षी मिलिंदला पोलंडहून एक मेल आली. हान्ना नावाची बाई तिथल्या एका खाणीच्या गावातल्या रेडिओवर सकाळचा कार्यक्रम करत होती. गावची कोळशाची खाण बंद पडली होती, आणि पाळीचा भोंगाही तिच्याबरोबर गेला होता. हान्नाला इंटरनेटवर आमचा तुकडा सापडला. तो कशाचा आहे हे तिला माहीत नव्हतं. आवडला म्हणून तिनं एका सकाळी बातम्यांच्या आधी लावला. फोनवर फोन आले. म्हातारी माणसं विचारत होती, भोंगा कोणी सुरू केला? एकीनं सांगितलं की ती नवऱ्याचा डबा भरायला उठून उभी राहिली, आणि मग तिला आठवलं. तेव्हापासून हान्ना तो रोज लावायची. तिकडच्या दोन-तीन वाद्यवृंदांनी तो आपापल्या पद्धतीनं वाजवायलाही घेतला होता. तिला विचारायचं होतं, हे वाजवणारा माणूस कोण आहे?

मिलिंदनं हे सांगितलं तेव्हा आबा पट्टी भिजवत होते. त्यांनी ती तोंडातून काढली. "पोलंड. कोल्हापूरजवळ वळिवड्याला छावणीत व्हती की ती मान्सं, युद्धाच्या टायमाला. आमची आत्ती सांगायची." आणि पट्टी परत तोंडात.

मग बोलावणं आलं. चौघांनी यावं, गावच्या जत्रेत वाजवावं, राहण्याजेवणाची सोय तिकडे. मिलिंद दोन दिवस झोपला नसावा. आबा म्हणाले, "तुमी जावा. मी न्हाई येत."

"आबा, त्यांनी तुम्हाला बोलावलंय. आम्ही नुसते सोबतीला."

"न्हाई जमायचं."

शेवटी मिलिंद मला घेऊन त्यांच्या घरी गेला. मी त्याला काकूंचं सगळं सांगितलं होतं. काकूंना कळलंय, हे सोडून. ते मला सांगायची परवानगी नव्हती. मिलिंद अंगणात आबांना हळूच म्हणाला, "आठ दिवसांचा प्रश्न आहे. आपलं रेकॉर्डिंग आहे ना? शेजारचं कोणीतरी बाराला स्लॅबवर मोठ्यानं लावेल. काकूंना काय कळणार?"

आबांनी त्याच्याकडे असं बघितलं की मिलिंदनं पुढचं वाक्य गिळलं.

काकू आतून भिंतीला हात लावत दारात आल्या. "कुटं जायाचं म्हनत्यात?"

मिलिंदनं सांगितलं.

"जावा की ओ," काकू म्हणाल्या. "एवढं बोलीवत्यात. माझं काय आडतंय? भोंगा द्यायला कारखाना हाय न्हवं?"

आबांनी आधी मिलिंदकडे बघितलं, मग माझ्याकडे. पलटणीत इतकी वर्षं काढलेला माणूस, पण त्या क्षणी त्यांना कुठं उभं राहावं ते सुचेना. खाकरून म्हणाले, "कारखान्याचा काय भरवसा. कवाबी बंद पडंल."

"व्हय," काकू म्हणाल्या. "त्येबी खरंच हाय." आणि चहा टाकायला आत गेल्या. जाताना त्यांचा चेहरा मला दिसला. अक्षता नुकत्या पडलेल्या मुलीचा असावा तसा.

हान्नाला आम्ही खरं ते कळवलं. तिनं दोन दिवसांनी उलट विचारलं, मग आबांनी घरूनच वाजवलं तर? इथले बारा म्हणजे तिकडची सकाळ. तिचा कार्यक्रम तेव्हाच चालू असतो. तिथं निवृत्त खाणकामगारांचा एक बँड होता, पितळी वाद्यांचा. तिनं फोटो पाठवला. काळे कोट, टोप्यांवर पिसांचे तुरे. आबांनी फोटो लांब धरून बघितला. "ड्रेस बरा हाय. बटनं घासल्याली हायत," म्हणाले. हे त्यांच्या तोंडून फार झालं. मग लगेच, "एक मातर सांगा त्यांस्नी. बाराच्या आदी न्हाई, बाराच्या मागनं न्हाई."

त्या दिवशी मिलिंदनं स्लॅबवर माईक लावला. रफिक सकाळपासून आळीत फिरून मिक्सर, बोअर, ट्रॅक्टर थोडा वेळ बंद ठेवायला सांगून आला होता. पण त्याला काही सांगावंच लागलं नाही. बाराला आळी आपण होऊन गप्प व्हायची, असं तिथल्या बायकांनीच त्याला सांगितलं. मी खाली काकूंजवळ फोन घेऊन बसले. हान्ना तिच्या भाषेत काहीतरी बोलली, त्यात इस्लामपूर हा शब्द तेवढा कळला. वर आबांनी सूर धरला.

त्या दिवशी त्यांना धाप लागली नाही. किंवा लागली असेल, मला कळली नाही. शेवटची लहान चाल झाली आणि फोनमध्ये नुसती खरखर राहिली. मला वाटलं लाईन तुटली. मग तिकडून सूर आला. जाड, रुंद, अनेक पितळी वाद्यांचा एकच सूर, खालून वर चढत. पत्र्याच्या डब्यात भरल्यासारखा यायचा, पण हलत नव्हता.

काकूंनी माझं मनगट धरलं. "ह्यो कुटला?"

"लांबचा आहे काकू. लय लांबचा."

"मोठा कारखाना दिसतोय," त्या म्हणाल्या आणि सूर संपेपर्यंत मनगट सोडलं नाही.

आबा जिना उतरून आले, पिशवी काखेत. काकू म्हणाल्या, "आज दोन भोंगे झाले की ओ."

"व्हय. नवा कारखाना निघालाय म्हनं," आबा म्हणाले आणि घाईघाईनं गाय बघायला गेले. गाय दावणीलाच होती.

या सगळ्या काळात आबांचे पुढचे दात हलत होते. क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकते. डॉक्टर दर वेळी म्हणायचे, काढून टाकू, कवळी बसवू. आबा दुखणं दाबायला लवंग घेऊन यायचे. "कवळीवर सूर धरता येत न्हाई. शिकायला वर्स जाईल," असं मला एकदा म्हणाले. "तवर बाराचं काय?"

काकू दोन वर्षांनी गेल्या. शेवटी सांगलीच्या दवाखान्यात होत्या. मी भेटायला गेले तेव्हा त्यांना बोलणं जड जात होतं. आबा बाकड्यावर ताठ बसलेले. मातीच्या दिवसांत मी त्यांच्याशी काही बोलले नाही. महिन्याभरानं गेले तेव्हा तेच बोलले.

"तिला म्हाईत व्हतं बाई."

मी त्यांच्याजवळ टेकले.

"दवाखान्यात बारा वाजायला आले. वाजवायचं कसं? मी तिच्या कानाशी नुसता तोंडानं सूर लावला. तर म्हनली, ऱ्हाऊ द्या आता, दमताय. मला म्हाईत हाय. पयल्या दिसापास्नं." आबांनी गुडघ्यावरचं धोतर सारखं केलं. "मी म्हनलं, मग इतकी वर्सं गप का ऱ्हायलीस?"

"काय म्हणाल्या?"

"म्हनली, तुमी रोज बाराला घरी यायचा न्हवं त्यामुळं."

सगळी नोकरी आबा बाहेर होते, रजेपुरते घरी. ते हिशेब काकूंनी कधी मांडून दाखवले नव्हते.

त्यानंतर आबा चौथ्या शेडमध्ये आले नाहीत. मिलिंदनं त्यांच्या जागी दुसरा कोणी घेतला नाही. हान्ना आता भोंगा रोज आपल्या बाराच्या वेळीच लावायची. तिनं कळवलं, आम्ही तो लावणं थांबवायचं का, आबांना विचारा. मी फोनवर विचारलं. आबा म्हणाले, "लावू दे. त्यांच्या लोकांस्नी सवय झाली असंल."

आबांना मी शेवटची भेटले ती दिवाळीनंतर. पुढच्या उन्हाळ्यात आबा गेल्याचा त्यांच्या मुलाचा फोन आला, तो लष्करात असतो, रजेवर आला होता. पण मला त्यांचं आठवतं ते ही दिवाळीनंतरची भेट.

त्यांनी दार उघडलं आणि मला क्षणभर ओळखच पटेना. गाल आत गेलेले. पुढचे दात काढून टाकले होते. कवळी बसवली नव्हती. मी काय बघतेय ते त्यांना कळलं. "दुकत व्हतं," एवढंच म्हणाले.

त्यांनी स्वतः चहा केला. पितळी पातेलं, साखर अंमळ जास्त. बोलणं रानाचं, पावसाचं, रफिकच्या मुलीच्या लग्नाचं. बारा वाजत आले तसं त्यांनी फोन काढला. मुलानं त्यात त्या रेडिओचं लावून दिलं होतं. आधी बाईंचा आवाज आला, हान्नाचा, काहीतरी भराभर सांगणारा. मग सूर सुरू झाला. आबांचाच, चौथ्या शेडमधला, दात शाबूत असतानाचा.

आबा उठले. फोन नेऊन त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला, आतल्या बाजूला तोंड करून. स्वतः बाहेर आले आणि खिडकीखाली भिंतीला पाठ लावून बसले. सूर संपला. बाई परत बोलायला लागली, बातम्या असाव्यात.

मला वाटलं, आता ते फोन बंद करतील. त्यांनी केला नाही. मान जराशी कलती करून ऐकत होते.

"काय म्हनती वं ती?" त्यांनी विचारलं.

"मला ती भाषा येत नाही आबा."

"थंडी पडली असंल," ते म्हणाले. "आवाज तसा लागतोय."

माझी एसटीची वेळ झाली होती. मी निघते म्हटलं, त्यांनी मान हलवली. फाटकाशी पोचून वळून बघितलं. आबा तसेच उन्हात बसलेले होते. एक शब्द कळत नसताना, त्या लांबच्या गावची पूर्ण बातमी ऐकत.